प्रश्न तुमचे: खोबरेल गोठतं, फेसाळतं आणि साबणासारखं लागतं

या वेळी सगळी पत्रं एकाच तेलाची घेतली आहेत. माझी नोकरी खाद्यतेलांच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे बोलता बोलता कढईतून परीक्षानळीत शिरायची खोड आहे. तेवढी चालवून घ्या.

ताई, हवा गार झाली की बाटलीत खोबरेल तेलाचा दगड होतो. शेजारीण म्हणते, गोठतं तेच शुद्ध. खरं का? आणि बाटली गॅसशेजारी ठेवून पातळ केली तर चालेल?

गोठणं हा या तेलाचा स्वभावच आहे. साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते घट्ट व्हायला लागतं, वर गेलं की पातळ. कितीही वेळा गोठलं-वितळलं तरी बिघडत नाही. सावकाश गोठलं तर रवा दिसतो, तोही दोष नव्हे.

शेजारणीची परीक्षा मात्र अर्धीच खरी. फ्रिजमध्ये ठेवूनही जे गोठत नाही त्याच्यावर संशय घ्यायला हरकत नाही. पण गोठलं म्हणजे शुद्ध, असं नाही. पामच्या बियांतल्या गराचं तेलही साधारण त्याच तापमानाला गोठतं आणि रचनेनं खोबरेलाच्या इतकं जवळचं असतं, की भेसळ ओळखायला आम्हाला यंत्रापुढे बसावं लागे. डोळ्यांचं ते काम नाही.

गॅसशेजारी बाटली नको, प्लॅस्टिकची तर नकोच. भांड्यात गरम पाणी घ्या, बाटली त्यात उभी करा, टोपण घट्ट लावा. खरं तर अरुंद तोंडाची बाटलीच टाळा. रुंद तोंडाच्या बरणीतून कोरड्या चमच्यानं हवं तेवढं खरवडून घेता येतं. ‘कोरड्या’ का म्हटलं, ते खाली तिसऱ्या पत्रात येईल.

तळणीचं खोबरेल थोडं उरलं होतं. त्यात दुसरं तेल घालून तळायला घेतलं तर फेस कढईच्या काठापर्यंत चढला. तेल खराब होतं का?

दोन्ही तेलं चांगलीच असतील. बिघडलं ते त्यांच्या मिसळण्यानं.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉल नावाच्या छोट्या कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या (फॅटी ॲसिडच्या) तीन साखळ्या. खोबरेल तेलात जवळपास निम्मी मेदाम्लं एकट्या लॉरिक आम्लाची, आणि ती साखळी फक्त १२ कार्बनची, आखूड. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यांच्यात बहुतेक साखळ्या १८ कार्बनच्या. तळताना पदार्थातल्या पाण्याची वाफ बुडबुड्यांनी वर येते. एकाच जातीच्या तेलात बुडबुडा पृष्ठभागावर येऊन पटकन फुटतो. आखूड आणि लांब साखळ्यांची सरमिसळ झाली, की त्याचं कवच टिकतं, बुडबुड्यावर बुडबुडा चढतो. तेल आधी वापरलेलं असलं तर फेस आणखी वाढतो, कारण पहिल्या तळणीतच वाफेनं थोडे रेणू फुटलेले असतात आणि त्यातून सुटलेले पदार्थ बुडबुड्यांना धरून ठेवतात.

तळण्याच्या धंद्यातली माणसं हे जाणून असतात. खोबरेल असेल तर निव्वळ खोबरेल, भर घालायची तीही खोबरेलाचीच. घरीही हाच नेम ठेवा. फोडणीला चमचाभर दोन तेलं एकत्र झाली तर काही होत नाही, प्रश्न कढईभर तेलाचा आहे. कढई निम्म्याच्या वर भरू नका. फेस चढायला लागला तर आच बंद करून लांब व्हा. पाण्याचा हबका मारायचा नाही. तेलानं पेट घेतलाच तर आच बंद आणि वर घट्ट झाकण.

चव साबणासारखी लागते. मुदत तर संपलेली नाही. मनाचा खेळ म्हणावा का?

तुमची जीभ तयार आहे म्हणायची! हा दोष खोबरेलाचा खास.

बाकीची तेलं बहुधा हवेतल्या प्राणवायूनं बिघडतात आणि खवट होतात. खोबरेलाला त्याची भीती कमी, कारण त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास मेदाम्लं संपृक्त (सॅच्युरेटेड) असतात, प्राणवायूला पकडायला जागाच थोडी. त्याचा शत्रू पाणी. बरणीत ओला चमचा गेला, खोबरं नीट वाळलेलं नव्हतं, तळाशी ओलसर गाळ राहिला, त्यात बुरशी लागली, की रेणू तुटतात आणि लॉरिक आम्ल सुटं होतं. ते अगदी थोडं असलं तरी जिभेला साबणासारखं लागतं. लांब साखळीची आम्लं सुटी झाली तरी अशी चव देत नाहीत. योगायोग नाही बरं का, साबण करतानाही याच आम्लाचा क्षाराशी संयोग घडवतात.

ही चव तापवून जात नाही. तेल स्वयंपाकातून काढून टाका. पुढची बरणी धुतल्यावर उन्हात खडखडीत वाळवा, मगच भरा, आणि शेगडीच्या वाफेपासून लांब ठेवा.

घाण्याचं घ्यावं की रिफाइंड? घाण्याच्या तेलानं घरभर वास सुटतो, आमचे हे जेवताना नाक मुरडतात.

मंद आचेचा, नारळाशी जमणारा पदार्थ असेल तर घाण्याचं किंवा व्हर्जिन, म्हणजे रिफाइंड न केलेलं. वास हाच त्याचा गुण, तो नको असेल तर जास्तीचे पैसे कशाला घालवायचे? खरपूस परतायला, तळायला रिफाइंड. रिफाइंड न केलेलं तेल साधारण १७५ अंशांच्या पुढे धुरावायला लागतं, रिफाइंड २०० च्या वर टिकतं. रिफाइंड करताना वाफेनं वास काढतात, मेदाम्लं तीच राहतात. तेव्हा ‘ह्यांना’ रिफाइंडवर कांदा परतून वाढा, बहुधा कळणारही नाही.

केकमध्ये लोण्याऐवजी हे तेल वितळवून घातलं तर मिश्रणात पांढऱ्या कण्या झाल्या.

अंडी किंवा दूध फ्रिजमधून थेट घेतलंत ना? गार वस्तू लागताच तेल गोठलं. सगळं साहित्य तासभर बाहेर ठेवा. आणि प्रमाण बदला: लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी, तेल मात्र सगळंच स्निग्ध. १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तेल आणि चमचाभर दूध पुरे. सॅलडवर मात्र हे तेल नको, गार भाजीवर त्याचं मेण होतं.

सून म्हणते हृदयाला वाईट, दीर म्हणतात रोज कॉफीत चमचाभर घाला, वजन उतरतं. कोणाचं ऐकू?

सुनेचं.

२०२० साली ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलानं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, डेसिलीटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमनं जास्त राहिलं. चांगलं समजलं जाणारं एचडीएलही सुमारे ४ नं वाढलं, पण त्यानं पहिल्याची भरपाई होते असं धरून चालता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, संपृक्त मेद दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. २००० कॅलरींच्या आहारात हे होतात साधारण २२ ग्रॅम. खोबरेलाच्या एका मोठ्या चमच्यात ११-१२ ग्रॅम जातात. कॉफीतच निम्मा वाटा संपला, आणि वर सुमारे १२० कॅलरी.

दिरांचा मुद्दा आला आहे तो ‘एमसीटी’ तेलावरच्या प्रयोगांवरून. ते ८ आणि १० कार्बनच्या मेदाम्लांचं वेगळं काढलेलं तेल. खोबरेलात ही दोन्ही मिळून थोडीच असतात, आणि लॉरिक आम्ल शरीरात बरंचसं लांब साखळीच्या मेदासारखंच शोषलं जातं. मी स्वतः ठरावीक पदार्थांना चवीसाठी खोबरेल वापरते, रोजच्या स्वयंपाकाला दुसरं तेल. तुमचं कोलेस्टेरॉल आधीच वाढलेलं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण माझ्या वरचं माना.

लोखंडी तवा खोबरेलानं मुरवला, थर धरत नाही.

धरणार नाही. तव्यावर टणक थर होतो तो असंपृक्त मेदाम्लं तापून एकमेकांत गुंतल्यानं, आणि ती खोबरेलात नावापुरती. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल अगदी पातळ पुसून तापवा.

केसांच्या तेलाची बाटली स्वयंपाकाला चालते का?

बाटलीवर खाद्यतेल म्हणून छापलेलं नसेल तर नाही. अशा तेलांत सुगंध किंवा खनिज तेल मिसळलेलं असू शकतं. आणि हो, याच पत्रात विचारलंय म्हणून: तळणीचं उरलेलं खोबरेल मोरीत ओतू नका. गार पाणी लागलं की पाइपात गोठून बसतं. भांड्यातच गोठू द्या, खरवडून कागदात गुंडाळा आणि कचऱ्यात टाका.