टीव्हीवरची स्पर्धा जिंकल्यावर ऑपेरा गायक पॉल पॉट्स नेमका किती श्रीमंत झाला?

प्रश्न विचारताना तुम्ही दोन गोष्टी धरूनच चालला आहात. पॉट्स ऑपेरा गायक आहे ही एक, आणि स्पर्धा जिंकल्यामुळे पैसा आला ही दुसरी. या दोन्हींवरून माझा थोरल्या भावाशी 2007 पासून वाद आहे, म्हणून उत्तर लांबणार.

नावापुढे 'एकूण संपत्ती' लिहिणाऱ्या संकेतस्थळांचे आकडे सोडून द्या. गायकाची कमाई करारात ठरते आणि ती माणसं करार वाचून आकडा लिहीत नाहीत. बक्षीस होतं 1 लाख पौंड. खरा पैसा अल्बमचा. पॉट्सनं जिंकलेल्या 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या टीव्ही स्पर्धेची अंतिम फेरी 17 जून 2007 ला झाली आणि 'वन चान्स' हा अल्बम 16 जुलैला दुकानात होता. चार आठवडे! ही घाई गायकाच्या भल्यासाठी नसते. प्रेक्षकाला मतदान आठवतंय तोवर माल विकायचा असतो. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, जगभरात 20 लाखांवर प्रती खपल्या. भाऊ लगेच 20 लाख गुणिले 10 पौंड करतो आणि पॉट्सच्या खात्यात 2 कोटी पौंड टाकून मोकळा होतो.

असं नसतं. त्या काळच्या सीडीच्या करारांची ठरलेली रीत घेऊन हिशेब मांडतो, आकडे नमुन्याचे आहेत. दुकानात 10 पौंडांची सीडी दुकानदाराला 7 पौंडांना मिळते. त्यातून 'वेष्टणा'चे 25 टक्के वजा, उरले 5.25. त्यावर रॉयल्टी 16 टक्के, पण त्यातले 4 टक्के अल्बमच्या निर्मात्याचे, म्हणजे गायकाला 12 टक्के, प्रतीमागे 63 पेन्स. 20 लाख प्रतींचे झाले 12 लाख 60 हजार पौंड. यातून कंपनी आधी आपली आगाऊ रक्कम आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च कापून घेते. वाद्यवृंद बसवायचा तर हा खर्च पॉप गाण्याच्या कित्येक पट होतो. 3 लाख धरा. उरले 9 लाख 60 हजार, त्यातले 20 टक्के मॅनेजरचे, राहिले 7 लाख 68 हजार. त्यावर तेव्हाचा वरचा 40 टक्के कर. हातात साधारण 4 लाख 60 हजार. रक्कम चांगलीच आहे, घर होतं, कर्ज फिटतं. पण ती एकदाच येते, दर वर्षी नाही.

शिवाय ऑपेरातली गाणी गाणाऱ्याला रचनेचा वाटा मिळत नाही. पॉट्सनं स्पर्धेत गायलेलं 'नेस्सुन दोर्मा' हे पुच्चिनीच्या 'तुरांदोत' या ऑपेरातलं गाणं. संगीतकार पुच्चिनी 1924 मध्ये वारला, त्याचं संगीत स्वामित्व हक्कातून मोकळं झालं होतं. पण शब्द लिहिणारे आदामी 1946 मध्ये आणि सिमोनी 1952 मध्ये गेले, म्हणजे 2007 मध्ये शब्दांवर हक्क शिल्लक होता. तो पैसा त्यांच्या वारसांकडे आणि प्रकाशकाकडे जाणार. स्वतःची गाणी लिहिणारा पॉप गायक दोन खिशांनी कमावतो, याला एकच खिसा. रेडिओवर वाजलं तर ब्रिटनमध्ये निम्मे पैसे ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे, निम्मे कलाकारांचे, आणि त्या निम्म्यात मागे वाजवणारेही आले.

आता 'ऑपेरा गायक' या शब्दाकडे. 'नेस्सुन दोर्मा' पूर्ण गायलं तरी तीनेक मिनिटांचं, पॉट्सनं चाचणी फेरीत त्याचा छोटा अवतार गायला, हातात माइक होता. 'तुरांदोत'मध्ये ते तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला येतं. त्याआधी त्याच गायकानं दुसऱ्या अंकातल्या कोड्यांच्या प्रवेशात मोठ्या वाद्यवृंदावरून आवाज काढलेला असतो, माइकशिवाय. हे जोरानं ओरडून जमत नाही. वाद्यवृंदाची ताकद 500 हर्ट्झच्या आसपास जास्त असते, कमावलेल्या आवाजात 3000 हर्ट्झच्या जवळ एक धार येते आणि ती वाद्यांच्या वरून शेवटच्या रांगेत पोचते. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटकांतल्या नटांना हीच गरज होती. स्टुडिओत या धारेची गरजच पडत नाही. म्हणून पॉट्सला मी मैफलीचा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, म्हणतो. यात अपमान काही नाही, हा वेगळा धंदा आहे.

उलट भावाचं दुसरं म्हणणं, 'मोबाइल विकणारा साधा माणूस, देवानं गळा दिला', ते मला अजिबात पटत नाही. टीव्हीनं ती गोष्ट विकली. पॉट्सनं इटलीत धडे घेतले होते, बाथ ऑपेरा या हौशी संस्थेत 'डॉन कार्लोस'मधल्या नायकासारखी अवघड भूमिका केली होती. मग 2003 मध्ये अपेंडिक्स फुटलं, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीवर गाठ निघाली, पुढे सायकलच्या अपघातात कॉलरबोन मोडलं, आणि गाणं थांबलं. त्या वर्षांच्या मेहनतीचं नाव न घेता 'चमत्कार' म्हणणं हा प्रत्येक गुरूचा अपमान आहे.

जिंकल्यावर मोठ्या ऑपेरागृहांनी का घेतलं नाही, याचं कारण वेळापत्रकातही आहे. ती गृहं मुख्य भूमिका तीन-चार वर्षं आधी ठरवतात, टीव्हीची ऊब टिकते काही महिने. शिवाय तरुण गायकांच्या प्रशिक्षण योजना साधारण तिशीपर्यंतच्यांना घेतात, पॉट्स तेव्हा 36 चा होता. त्यानं मैफलींचा रस्ता धरला आणि तो बरोबर होता. 2008 मध्ये डॉइश टेलिकॉमच्या जाहिरातीत ती चाचणी फेरी दाखवली आणि जर्मनीत विक्री नव्यानं उसळली. 2013 मध्ये त्याच्यावर चित्रपट आला. त्याच स्पर्धेतली 2009 ची गायिका सुझन बॉइल तर हरली, 'डायव्हर्सिटी' हा नृत्यसमूह जिंकला, तरी अल्बम तिचा तुफान खपला. जिंकण्याचा पैशाशी संबंध एवढाच.

तुमच्या घरातलं कुणी अशा स्पर्धेत जाणार असेल तर करार फेरीआधीच सहीला येतो, जिंकल्यावर नाही. त्यात पुढच्या किती अल्बमांचा हक्क कंपनीकडे राहतो ते बघा. एका अल्बमचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होतो का, ते विचारा. आणि मैफलींच्या मानधनात कंपनीचा वाटा आहे का, कारण पाच वर्षांनी घर त्याच मानधनावर चालतं. वरचा हिशेब सीडीचा आहे हे लक्षात ठेवा. आता बहुतेक ऐकणं स्ट्रीमिंगवर होतं, तिथे प्रतीमागे पेन्स नाहीत, एका ऐकण्यामागे पेन्सचाही छोटा अंश मिळतो, त्यामुळे मैफलीचं कलम आता सगळ्यात आधी वाचा.