वाचकांचे प्रश्न : कस्टमचा कायदा मालाला कुठवर लागतो?

प्रश्न (बुटीबोरी) : यंत्राचे सुटे भाग तैवानहून मागवले. कंटेनर न्हावाशेवाला उतरला तेव्हा ड्युटी 5 टक्के होती. नागपुरातल्या अजनीच्या कंटेनर डेपोत बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा तपशील कस्टमला देण्याचा कागद) भरेपर्यंत ती 7.5 टक्के झाली. माल तर आधीच भारतात आला होता ना?

उत्तर : तरीही 7.5 टक्केच लागेल. सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 15 प्रमाणे देशात वापरायच्या मालाला बिल ऑफ एंट्री सादर केल्या दिवसाचा दर लागतो. जहाज येण्याआधीच बिल भरले असेल, तर जहाजाला 'एंट्री इनवर्ड' (माल उतरवायची कस्टमची परवानगी) मिळाल्याचा दिवस धरतात. माल धक्क्याला लागला की आयात झाली, हा समज चुकीचा आहे. भारताच्या सागरी हद्दीत माल शिरला की आयात सुरू होते आणि तो देशातल्या इतर मालात मिसळला की पुरी होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली गार्डन सिल्क मिल्स प्रकरणात सांगितले आहे. मधल्या काळात कंटेनर मालगाडीवर वर्ध्यापर्यंत आला असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो कस्टमच्या देखरेखीतच असतो.

दराचा वाद तुम्ही जिंकणार नाही, पण वाहतुकीचे बिल पुन्हा पाहा. तुम्ही पाठवलेल्या बिलात तैवान ते अजनी असे एकच भाडे दाखवले आहे. ड्युटी ज्या किमतीवर बसते तिच्यात न्हावाशेवापर्यंतचे भाडे आणि विमा धरतात. तिथून अजनीपर्यंतचे रेल्वेभाडे आणि चढवण्या-उतरवण्याचा खर्च मूल्यांकन नियमांतील नियम 10 प्रमाणे वगळायचा असतो. शिपिंग कंपनीकडून दोन्ही रकमा वेगळ्या लिहून घ्या. नागपूरच्या आयातदाराने ही फोड मागितली नाही, तर तो देशातल्या वाहतुकीवरही ड्युटी भरून बसतो. परदेशातले भाडे कळतच नसेल, तर मालाच्या एफओबी किमतीच्या (परदेशातल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) 20 टक्के भाडे धरतात. विमा कळत नसेल, तर 1.125 टक्के. डॉलरचा दरही बँकेचा चालत नाही, केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने जाहीर केलेलाच लागतो.

हिशेब असा : ग्राह्य किंमत (ड्युटी जिच्यावर बसते ती) 1,00,000 रुपये धरली, तर मूळ ड्युटी 7,500. त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 750. आता 1,08,250 वर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), 19,485. एकूण 27,735 रुपये. जीएसटी नोंदणी असल्यास आयजीएसटीचे क्रेडिट (पुढे भरायच्या जीएसटीतून वजावट) मिळते. उरलेले 8,250 मात्र खर्चातच धरा.

प्रश्न (काटोल) : बांगलादेशाने संत्र्यावर लावलेल्या ड्युटीविरुद्ध नागपूरच्या कस्टम कार्यालयात अपील करता येते का?

उत्तर : नाही. ती ड्युटी बांगलादेशाच्या कायद्याखाली तिथला आयातदार भरतो. आपला कायदा मालाला सरहद्द ओलांडेपर्यंतच लागतो आणि ताज्या संत्र्यावर भारताची निर्यात ड्युटी नाही. ट्रकने पेट्रापोल या बांगलादेश सरहद्दीवरच्या नाक्यामार्गे माल जाणार असेल, तर कागद जहाजा-विमानाने जाणाऱ्या मालाच्या शिपिंग बिलाचा नसून 'बिल ऑफ एक्स्पोर्ट'चा लागतो, एवढे जपा.

प्रश्न (हिंगणा) : पुरवठादाराने ऑर्डरपेक्षा वेगळा माल भरला. आमची काहीच चूक नाही, तरी माल सरकारजमा होईल अशी नोटीस आली. हे कसे?

उत्तर : कारण सरकारजमा करण्याची कारवाई मालावर होते, माणसावर नाही. बिल ऑफ एंट्रीतला तपशील आणि प्रत्यक्ष माल जुळला नाही, की कलम 111 लागू होते. तिथे तुमचा हेतू पाहत नाहीत. हेतू महत्त्वाचा ठरतो तो तुमच्यावरच्या दंडाच्या वेळी, म्हणून उत्तरात हे दोन मुद्दे वेगळे मांडा. ऑर्डर, ईमेल आणि पुरवठादाराने चूक कबूल केल्याचे पत्र जोडा. मालावर बंदी नसेल, तर अधिकाऱ्याला कलम 125 प्रमाणे दंड भरून माल सोडवण्याचा पर्याय द्यावाच लागतो. हा दंड बाजारभावातून ड्युटी वजा करून उरेल त्याहून जास्त असू शकत नाही. पर्याय मिळाल्यापासून 120 दिवसांत तो भरला नाही आणि अपीलही चालू नसेल, तर सोडवण्याचा हक्क जातो.

माल अडकून गंजत असेल, तर निकालाची वाट पाहू नका. कलम 110अ खाली बंधपत्र व हमी देऊन तात्पुरती सुटका मागा. पुढच्या वेळी मालाबद्दल शंका असली, तर बिल ऑफ एंट्री भरण्याआधी अधिकाऱ्यासमोर पेटी उघडून पाहण्याची परवानगी मागा. कलम 46 मध्ये ती सोय आहे.

आदेश विरुद्ध गेल्यास तो हाती पडल्यापासून 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जा. सबळ कारण असेल, तर आणखी 30 दिवस मिळू शकतात, त्यापुढे एकही नाही. वादातल्या ड्युटीच्या 7.5 टक्के रक्कम आधी भरावी लागते. वाद फक्त तुमच्यावरच्या दंडाचा असेल, तर त्या दंडाच्या 7.5 टक्के.