पुलाला माजी सैनिकाचं नाव दिल्याचं एखादं ठळक उदाहरण आहे का?

आहे की. लडाखमध्ये श्योक नदीवर 'कर्नल चेवांग रिंचेन सेतू' आहे. दुरबुक ते दौलत बेग ओल्डी या रस्त्यावर, साधारण 14,650 फूट उंचीवर. लांबी सुमारे 1,400 फूट, बांधला सीमा रस्ते संघटनेने. 21 ऑक्टोबर 2019 रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी उद्घाटन केलं.

नाव मला पटतं, कारण हा माणूस तिथलाच, नुब्रा खोऱ्यातला. 1948 च्या लढाईत, मिसरूडही धड फुटलं नसेल त्या वयात, महावीर चक्र. मग 1971 मध्ये लडाख स्काउट्सच्या जवानांना घेऊन तुर्तुक जिंकलं आणि दुसरं महावीर चक्र. नकाशा उघडून बघा, तुर्तुकही याच श्योकच्या काठी, बरंच खाली. दोनदा महावीर चक्र मिळवणारे देशात सहाच. त्यातले एक आपल्या अलिबागचे जनरल अरुणकुमार वैद्य.

मुंबईत जुन्या कर्नाक पुलाच्या जागी नवा पूल जुलै 2025 मध्ये सुरू झाला, त्याचं नाव 'सिंदूर'. पण ते मोहिमेचं नाव, माणसाचं नव्हे.

तुमच्या गावच्या पुलासाठी मागणी करणार असाल तर आधी पूल कुणाच्या ताब्यात आहे ते बघा: जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम की राष्ट्रीय महामार्ग. मग ग्रामसभेचा ठराव. आणि फलकावर नावाखाली दोन ओळी माहिती लिहा हो, नाहीतर चार वर्षांनी पोरं विचारतात, हे कोण?