दीड लाखाचा कोर्स आणि अर्धा सेकंद

प्रश्न : मुलगी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका क्लासचा ‘एआय आणि डेव्हऑप्स’ असा सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी दीड लाख. कोड एआयच लिहिणार असेल तर नोकऱ्या उरतील का? कोर्सला घालावं का? या कामात रात्रीही जागावं लागतं म्हणे, ते खरं का?
– एक पालक

उत्तर : नमस्कार. आधी पैशांचं सांगते. दीड लाख आत्ता भरू नका.

तुमची धास्ती अनाठायी नाही. साधा फॉर्म बनव, डेटाबेसमधली माहिती पडद्यावर दाखव, ही फ्रेशरच्या वाट्याला येणारी कामं एआय आता मिनिटांत उरकतं. नुसतं ‘कोडिंग येतं’ म्हणून नोकरी मिळायचे दिवस सरत चालले आहेत. पण लिहिलेला कोड कुठल्यातरी सर्व्हरवर, म्हणजे इतरांना सेवा पुरवणाऱ्या कॉम्प्युटरवर, चालवावा लागतो आणि अडला की का अडला ते कुणालातरी शोधावं लागतं. डेव्हऑप्स म्हणजे मुख्यतः हेच काम, आणि माझा भर या शोधण्यावर आहे.

मार्च २०२४ची गोष्ट. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर लिनक्स या, सर्व्हर चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका चाचणी आवृत्तीवर काम करत होता. एसएसएचने (दूरच्या कॉम्प्युटरमध्ये सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याला जाणवलं. दुसऱ्या कुणी ‘नेट स्लो असेल’ म्हणून सोडून दिलं असतं. त्याने माग काढला आणि तो थेट एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीपर्यंत (इतर प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडपर्यंत) पोचला. तिथे कुणीतरी दोनेक वर्षं मदतनीस म्हणून वावरून, विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. तो वेळीच सापडला नसता तर जगभरच्या असंख्य सर्व्हरमध्ये जाऊन बसला असता.

प्रोग्रॅम सुरू होताना कुठल्या लायब्ऱ्या सोबत येतात, सीपीयूचा वेळ कोण खातंय, हे ज्याला कळतं त्यालाच असा माग काढता येतो. हे सगळं ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ या विषयात येतं. म्हणजे तुमच्या मुलीच्या अभ्यासक्रमात, कॉलेजच्या फीमध्येच! आपली मुलं नेमका तोच विषय आदल्या रात्री नोट्स वाचून काढतात.

क्लासवाले डॉकर, कुबरनेटिस या सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवायच्या साधनांच्या कमांड शिकवतील. त्या लागतातच. पण डॉकर २०१३चं, कुबरनेटिस २०१४चं. उद्या आणखी काही येईल. खाली लिनक्स आहे, ते १९९१पासून टिकून आहे. एआयसुद्धा शेवटी कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवरच चालतं, आणि ती सेंटर आपल्याकडे नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यातही उभी आहेत.

मुलीला घरातल्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सचाच एक फुकट मिळणारा प्रकार) टाकायला सांगा. होस्टेलच्या मेसचा मेनू दाखवणारी छोटी साइट तिने त्यावर चालवावी आणि मैत्रिणींना वापरायला द्यावी. मग मुद्दाम लॉग (साइटच्या कामकाजाच्या नोंदी) वाढू देऊन डिस्क भरू द्यावी. साइट गडबडेल. ती लॉगची फाइल उडवेल, तरी जागा मोकळी होणार नाही, कारण चालू प्रोसेसने, म्हणजे सुरू असलेल्या प्रोग्रॅमने, ती फाइल अजून धरून ठेवलेली असते. हे स्वतः शोधून काढलेली मुलगी मुलाखतीत दहा मिनिटं न अडखळता बोलू शकते. मदतीला एआय खुशाल घ्यावं, पण त्याने दिलेली कमांड काय करते ते कळल्याशिवाय एंटर दाबू नये. हे वर्षभर केल्यावरही कोर्स हवासा वाटला तर बघू. तेव्हा क्लासला एकच विचारा : बिघडलेली सिस्टिम मुलांच्या हातात देता का?

आता रात्रीचं. खरं आहे. २० ऑक्टोबर २०२५ला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या क्लाउडमध्ये (भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरमध्ये) एका डेटाबेस सेवेची डीएनएस नोंद, म्हणजे इंटरनेटवरचा तिचा पत्ता सांगणारी नोंद, रिकामी झाली आणि जगभरची ॲप्स बंद पडली. आपल्याकडे नरक चतुर्दशीची दुपार होती, तिथे रात्रीचे पावणेतीन. दोन स्वयंचलित प्रोग्रॅमची वेळ चुकीची जुळली होती आणि ती नोंद माणसांनाच हाताने दुरुस्त करावी लागली. अशा कामासाठी ‘ऑन-कॉल’ असतो, म्हणजे बिघाड झाला की लगेच हजर व्हायची पाळी. ही रोजची रात्रपाळी नव्हे. टीममधले लोक आळीपाळीने तो घेतात आणि बहुतेक वेळा घरूनच लॅपटॉप उघडून भागतं. मात्र टीम लहान असेल तर पाळी लवकर फिरून येते आणि झोपेचं खोबरं होतं. म्हणून मुलाखतीत पगाराआधी तिने विचारावं, ऑन-कॉलला किती जण आहेत आणि रात्र जागल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का.