खेड्यातले दवाखाने आणि विमा कंपन्या यांचं जुळवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की दवाखानेवाले कंपनीला नावं ठेवतात, कंपनीवाले दवाखान्याला, मग यांच्यात सहकार्य होणार कसं. मी चोपडा तालुक्यात एका २० खाटांच्या हॉस्पिटलात मेडिक्लेमचं काम बघतो, त्यामुळे जे समोर घडलं तेच सांगतो.

पावसाळ्यात आमच्याकडे केळीच्या बागेतून साप चावलेले पेशंट येतात. असेच एक आबा आले, घोणस चावलेली, बँकेतून काढलेली पॉलिसी होती. डॉक्टरांनी रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटं ठेवलं, गोठलं नाही म्हणून सापाच्या लसीच्या १० बाटल्या दिल्या, ६ तासांनी परत बघितलं तरी गोठेना म्हणून अजून १० दिल्या. आबा वाचले. आणि नंतर टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी आली, २० बाटल्या कशासाठी? नळीची तपासणी केसपेपरवर लिहिलेलीच नव्हती, रात्री २ वाजता धावपळीत राहून गेली, आणि अर्धा क्लेम कापला गेला. आबांचा मुलगा काउंटरला धरून "आते मी कथा जाऊ भाऊ" (आता मी कुठे जाऊ) एवढंच म्हणत होता, ते अजून कानात आहे.

मी फोन करकरून टीपीएच्या डॉक्टर मॅडमला गाठलं. त्या म्हणाल्या, मला कागदावर दिसेल तेवढंच मी पास करू शकते. खरंच होतं ते. सिस्टरच्या वहीत वेळा सापडल्या, त्या पाठवल्या, कापलेले बरेचसे पैसे परत आले. मग मॅडमना विचारूनच एक पानाचा तक्ता केला, चावल्याची वेळ, नळीची वेळ, गोठलं का नाही, किती बाटल्या. तो आता खाटेलाच अडकवलेला असतो आणि सिस्टर तिथल्या तिथे भरतात. सर्पदंशाच्या क्वेऱ्या जवळपास बंद झाल्या.

म्हणून मला वाटतं, कोणत्या आजाराला कोणता कागद लागणार हे आधीच समोरच्या माणसाशी बोलून ठरवा, निम्मं भांडण तिथेच मिटतं. एकट्या छोट्या दवाखान्याला कंपनी रेटमध्ये विचारत नाही, तालुक्यातल्या पाच-सहा डॉक्टरांनी मिळून क्लेमचं काम शिकलेला एक माणूस ठेवला तर खर्चही वाटला जातो आणि शब्दाला वजन येतं. कंपनीनेही पैसे वेळेवर सोडायला पाहिजेत. २०२४ पासून नियम आहे की कॅशलेसचा निर्णय १ तासात आणि डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत द्यायची, पण इथे पैसे यायला उशीर होऊन मेडिकलवाल्याची उधारी चढली की डॉक्टर पुढच्या पेशंटला सरळ सांगतात, आधी कॅश भरा.

सरकारी योजनेत एक गोष्ट फार चांगली आहे. २ जुलै २०१२ ला जीवनदायी योजना आधी ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्या शेजारचा धुळे जिल्हा होता, तीच आता महात्मा फुले योजना. तिचा आरोग्यमित्र हॉस्पिटलातच टेबल टाकून बसतो, पेशंटचं रेशनकार्ड बघतो, डॉक्टरांना काय अडलं ते तिथेच विचारतो. खासगी कंपन्यांनी असा माणूस प्रत्येक दवाखान्यात नको, निदान तालुक्याला एक तरी बसवावा.