पंचेचाळीस अंशात चालणारा गेमिंग लॅपटॉप कोणी काढेल का?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, की येत्या दोन-चार वर्षांत जे महागडे गेमिंग लॅपटॉप येतील त्यात तुम्हाला काय काय पाहिजे ते लिहून पाठवा. बरीच पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर रात्री अकरानंतर जास्त आली, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या लोकांनी इच्छा कमी आणि आत्ताच्या मशीनचं गाऱ्हाणंच जास्त लिहिलंय. चालतंय, गाऱ्हाण्यातूनच कळतं ना काय हवंय ते. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतोय.

भुसावळहून एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: दादा, माझा लॅपटॉप जानेवारीत एकदम मख्खन चालतो आणि तोच गेम एप्रिल लागला की अडखळायला लागतो, फ्रेम धाडकन खाली. सर्व्हिसवाले म्हणे मशीनमध्ये फॉल्टच नाही. मग पुढचं मशीन घेताना त्यात असं काय पाहिजे की उन्हाळ्यातही तसंच पळेल?

फॉल्ट नाहीच भाऊ, ऊन आहे. लॅपटॉपसोबत जे बारीक अक्षरातलं मॅन्युअल येतं ते कोणी उघडत नाही, पण त्यात बहुतेक कंपन्यांनी लिहिलेलं असतं की मशीन ३५ अंशापर्यंतच्या हवेत वापरा. आता भुसावळात मार्चच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दुपारी ३५ अंश कुठे शोधायचे ते त्यांनीच सांगावं.

याचा हिशेब साधा आहे. प्रोसेसर साधारण १०० अंशाला पोचला की स्वतःच वेग कमी करतो. फॅन आणि हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारी धातूची पाती) किती उष्णता बाहेर टाकणार हे चिप आणि खोलीतली हवा यांच्यात किती अंशांचा फरक आहे त्यावर ठरतं. खोली २५ अंश असेल तर फरक ७५ चा, खोली ४० असेल तर ६० चा, म्हणजे पाचवा हिस्सा गेलाच. जो हीटसिंक जानेवारीत १७५ वॉट ओढून नेत होता तोच मे महिन्यात १४० च्या आसपास दमतो. हिशेब ढोबळ आहे पण दिशा हीच, आणि ग्राफिक्स चिपची मर्यादा ८७ अंशाच्या आसपासच असते म्हणून तिला फटका आणखी जास्त. फॅन कितीही बोंबलू द्या, तो खोलीतलीच हवा आत ओढणार ना.

म्हणून माझी पहिली मागणी बारीक मशीन नको, जाड द्या. दोन मिलिमीटर पातळ केलं म्हणून जाहिरातीत फोटो चांगला येतो, पण तेवढी जागा हीटसिंकच्या पात्यांची गेली. व्हेपर चेंबर (चिपची उष्णता पसरवणारा चपटा तांब्याचा डबा) द्या, मोठे फॅन द्या आणि डब्यावर छापा की ४० अंशाच्या खोलीत अर्धा तास गेम चालवल्यावर हे मशीन किती वॉट टिकवतं. तो एक आकडा छापला तर अर्ध्या जाहिराती आपोआप गप्प होतील.

दुसरी मागणी जाळीची, आणि ही खास आपल्या भागाची. माझ्याकडे जळगाव-धरणगाव-चोपडा पट्ट्यातले लॅपटॉप साफसफाईला येतात, जिनिंगच्या जवळपास घर असेल तर दिवाळीनंतर आलेलं मशीन मी आधीच ओळखतो. खालचं कव्हर काढलं की फॅन वरून स्वच्छ दिसतो, मालक म्हणतो बघा काहीच नाहीये. मग फॅनचे तीन बारीक स्क्रू काढून फॅन उचलला की त्याच्या आणि तांब्याच्या पात्यांच्या मधे रुईच्या तंतूंचा आणि धुळीचा राखाडी थर बसलेला असतो, चिमट्याने एका कोपऱ्यात धरून ओढला तर अख्खी पट्टी सलग निघते. हवा जाणार कुठून? एसीची जाळी आपण ओढून धुतो, तशी लॅपटॉपला बाहेरून ओढता येणारी, स्क्रू न काढता धुता येणारी जाळी द्यायला काय हरकत आहे. फॅन उलटा फिरवून धूळ फेकायची सोय एसरने प्रिडेटरच्या काही मॉडेलमध्ये दिली होती, कोरड्या धुळीला ती ठीक, पण रुईचा तंतू एकदा अडकला की उलट्या हवेला दाद देत नाही.

तिसरं, चिप आणि हीटसिंकच्या मधे लावायच्या पेस्टचं. लिक्विड मेटल उष्णता छान नेतं पण ते वीज वाहून नेतं, सरकलं तर बोर्ड गेला समजा. त्यापेक्षा फेज चेंज पॅड मला बरा वाटतो, हनीवेलचा पीटीएम ७९५० त्यातला प्रसिद्ध. तो साधारण ४५ अंशाला मऊ होऊन चिपवर नीट पसरतो, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात कुरियरच्या गाडीतच तो कामाला लागायचा, म्हणून लावायच्या आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायचा.

आणि तोवर घरात कूलर आहे तो वापर. आपली हवा कोरडी असल्यामुळे कूलर इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो, खोली ३०-३२ वर आली तरी लॅपटॉपला पुष्कळ झालं. फक्त कूलरच्या तोंडासमोर मशीन ठेवू नको, गवतातून उडणारे बोअरच्या पाण्याचे बारीक थेंब आत जातात आणि वाळल्यावर पांढरे क्षार बसतात.

रावेर तालुक्यातून: भाऊ, केळीचे पैसे आल्यावर लॅपटॉप घ्यायचं ठरलंय. मित्राच्या कॉम्प्युटरला ५०७० ग्राफिक्स कार्ड आहे त्याला १२ जीबी मेमरी आणि मला गोलाणी मार्केटमध्ये जो ५०७० चा लॅपटॉप दाखवला त्याला ८ जीबी. दुकानदार फसवतोय का?

दुकानदाराने काही केलेलं नाही, नावच तसं ठेवलंय. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ५०७० मध्ये ६१४४ कोर (चित्राचा हिशेब करणारे चिपमधले भाग), १२ जीबी, २५० वॉट. लॅपटॉपच्या आरटीएक्स ५०७० मध्ये ४६०८ कोर, ८ जीबी आणि वॉट साधारण शंभरच्या आसपास, तेही लॅपटॉप कोणता त्यावर कमीजास्त. आतली चिपच वेगळी आहे, वरचं नाव तेवढं सारखं. वर गेलात तरी हीच गंमत, डेस्कटॉपचं ५०९० म्हणजे ३२ जीबी आणि ५७५ वॉट, लॅपटॉपचं ५०९० म्हणजे २४ जीबी आणि जास्तीत जास्त १७५ च्या आसपास. आधी असं नव्हतं बरं का, २०१६ च्या दहा सिरीजमध्ये लॅपटॉपच्या जीटीएक्स १०८० मध्ये डेस्कटॉपइतकेच २५६० कोर होते, मेमरीही तेवढीच ८ जीबी.

म्हणून भविष्यातल्या लॅपटॉपकडून माझी मागणी अशी की नाव वेगळं ठेवा नाहीतर नावाशेजारी वॉट आणि मेमरी मोठ्या अक्षरात छापा. सिमेंटच्या गोणीवर किलो छापलेले असतात तर अडीच लाखाच्या वस्तूवर वॉट छापायला कसली लाज.

आता ८ जीबीचं. ही मेमरी बोर्डला सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. नवे गेम टेक्स्चर (वस्तूंवरची बारीक चित्रं) हाय केले की ८ जीबी भरून टाकतात, मग चिपमध्ये दम असूनही गेम झटके देतो. तुझं बजेट ताणत असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घे पण ५०७० टीआय बघ, त्याला १२ जीबी आहे. घरचे म्हणतील तेवढ्या पैशात ठिबकचा एक प्लॉट निघाला असता, ते त्यांचंही बरोबरच आहे.

खरी इच्छा विचारशील तर ग्राफिक्स कार्ड काढता-घालता आलं पाहिजे. हे स्वप्न नाहीये. पूर्वी एमएक्सएम नावाचं कार्ड लॅपटॉपमध्ये यायचं, स्क्रू काढा, दुसरं बसवा. मग पातळपणाच्या नादात सगळं सोल्डर झालं. २०१९ मध्ये एलियनवेअरने एरिया ५१एम काढला, कार्ड बदलता येईल म्हणून लोक खूश झाले, पण पुढच्या पिढीचं कार्ड त्याला काही आलंच नाही. करून दाखवलं ते फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने. त्यांच्या १६ इंची लॅपटॉपला मागून सरकवायचं ग्राफिक्स मॉड्यूल आहे, आधी एएमडीचं आलं, २०२५ मध्ये त्याच सांगाड्यात एनव्हिडियाचं ५०७० पण दिलं. म्हणजे सॉकेट, जोडणी, थंड करायची सोय, सगळं जमतं. मोठ्या कंपन्यांना जमवायचं नाहीये इतकंच, कारण तू पाच वर्षांनी कार्ड बदललंस तर अख्खा लॅपटॉप कोण घेणार.

रॅमचंही तसंच. वेगासाठी रॅम सोल्डर करावी लागते असं सांगायचे, पण डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ नावाच्या रॅम-पट्टीचं स्टँडर्ड आलं, त्यात वेगवान रॅमसुद्धा स्क्रूने बसते आणि स्क्रूने निघते. लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मध्ये २०२४ लाच ती आली. गेमिंगमध्ये सगळीकडे आली पाहिजे. डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव जे चढलेत ते बघता आज १६ जीबी घेऊन पुढे वाढवायची सोय असणं फारच गरजेचं झालंय.

जामनेरहून एक शिक्षक: फोनमध्ये सात-सात हजार एमएएचच्या बॅटऱ्या आल्या. मग एवढ्या महाग लॅपटॉपची बॅटरी शंभर वॉट-तासांच्या पुढे का सरकत नाही?

सर, याचं उत्तर विमानतळावर आहे. १०० वॉट-तासापर्यंतची बॅटरी विमानात प्रवाशाला विनापरवानगी नेता येते, त्याच्या पुढे १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते. म्हणून बऱ्याच मोठ्या लॅपटॉपवर ९९.९ किंवा ९९ असा आकडा दिसतो. आपण जामनेरहून एसटीने जळगावला जाणार, विमानाशी आपला संबंध वर्षातून एकदा आला तर आला, तरी नियम आपल्यालाही लागू. फोनमधली सिलिकॉन-कार्बन बॅटरी लॅपटॉपमध्ये आली तरी हा आकडा वाढणार नाही, पण बॅटरी लहान होईल आणि उरलेल्या जागेत मोठा हीटसिंक बसवता येईल. मला त्यातच जास्त रस आहे.

तसंही १०० वॉट-तास आणि २०० वॉटचा खर्च म्हणजे अर्धा तास, बॅटरीवर पूर्ण जोरात गेम खेळणं विसरायचंच. उलट मी म्हणेन बॅटरी बाहेरून काढता येऊ द्या, जुन्या लॅपटॉपला खटका असायचा तशी. दुसरी सुटी बॅटरी हँडबॅगेत नेता येते. शिवाय उन्हाळ्यात शंभर टक्के चार्ज होऊन सतत प्लगला लावलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, फुगतेसुद्धा. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असते, ती आजच लावा.

धुळ्याहून एका मुलाची आई: मुलगा बारावीनंतर नाशिकला जातोय. त्याने यादी दिलीय, १८ इंच, फोर के, ओलेड, २४० हर्ट्झ. वडील चिडलेत. यातलं काय खरंच लागतं?

ताई, यादी पाहून मलाही घाम फुटला. १८ इंच काढून टाका, असं मशीन तीन किलोच्या पुढे जातं, चार्जरची वीट वेगळी, होस्टेलच्या जिन्यावरून तोच दमेल. फोर के पण काढा. २५६० बाय १६०० च्या दुपटीपेक्षा जास्त ठिपके रंगवायला लागतात, आणि तेवढा दम लॅपटॉपच्या कार्डात नसतो, मग तोच पोरगा सेटिंग कमी करून खेळणार. २४० हर्ट्झ राहू द्या, आता १६ इंचात मिळतंच. ओलेडचे रंग फार सुंदर असतात हे मान्य, पण अभ्यासाचं सॉफ्टवेअर दिवसभर उघडं ठेवलं तर एका जागी थांबलेल्या पट्ट्यांचा डाग वर्षांनी उमटू शकतो. ओलेडऐवजी मिनी एलईडीचा स्क्रीन मिळाला तर घ्या. त्याच्याशी भांडू नका, फक्त एवढं विचारा की होस्टेलच्या खोलीत टेबल मिळणार आहे का. मिळणार असेल तर निम्म्या बजेटचा डेस्कटॉप त्याच्या यादीपेक्षा जास्त पळेल आणि क्लासला न्यायला एक साधा लॅपटॉप वेगळा येईल.

शहाद्याहून: लाइट गेली की इन्व्हर्टरवर गेमिंग लॅपटॉप चालवला तर चालतो का?

चालतो, पण इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तरच. स्क्वेअर वेव्हवर मोठे चार्जर गुणगुणतात आणि तापतात. ३३० वॉटचा चार्जर पूर्ण जोरात ओढायला लागला तर पंख्यांचं आणि बल्बांचं रात्रभराचं राशन तूच संपवशील, म्हणून अशा वेळी मशीन सायलेंट मोडवर टाक, वॉट बरेच कमी होतात. इच्छा म्हणशील तर प्रत्येक गेमिंग लॅपटॉपला २४० वॉटचं यूएसबी सी चार्जिंग पाहिजे. हे स्टँडर्ड २०२१ पासून आहे, आणि कंपनीचा चार्जर जळला तर आठ-आठ दिवस कुरियरची वाट बघणं तरी वाचेल.

चाळीसगावहून: मला फक्त उजवीकडचं कंट्रोल बटण परत पाहिजे. ते एआयचं बटण कोणी मागितलं होतं?

मी तरी नाही. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कोपायलटचं बटण आणलं आणि बऱ्याच कीबोर्डवर कंट्रोलचीच जागा गेली. मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं सॉफ्टवेअर टाकून ते बटण दुसऱ्या कामाला लावता येतं, फुकट आहे.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना नुसतं गेमिंग लॅपटॉप एवढं लिहू नका. मशीन उलटं करून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहा, चार्जरवरचे वॉट लिहा, आणि मशीन कोणत्या खोलीत ठेवता तेही लिहा, पत्र्याखाली की स्लॅबखाली.