पेनसिल्व्हेनियात गावाकडची 10 एकर जमीन तोडून दोन प्लॉट करायचेत, टाउनशिप (गावपातळीचं स्थानिक प्रशासन) उगाच नाही म्हणू शकते का?

उगाच नाही म्हणू शकत, नाकारायचं असेल तर ऑर्डिनन्समधलं (स्थानिक नियमांमधलं) कुठलं कलम पाळलं गेलं नाही ते लेखी द्यावं लागतं. हे सगळं राज्याच्या 1968 च्या म्युनिसिपालिटीज प्लॅनिंग कोडमध्ये आहे, साधारण कलम 508 वाचा. आधी लायसन्सवाल्या सर्व्हेयरकडून प्लॅन काढून घ्या, मग टाउनशिपचं प्लॅनिंग कमिशन तो बघून फक्त शिफारस करतं, शेवटचा निर्णय बहुतेक ठिकाणी सुपरवायझर्सच्या बोर्डाचा (टाउनशिपच्या निवडून आलेल्या मंडळाचा) असतो, आणि मधे काउंटीचं प्लॅनिंग खातं 30 दिवसांत आपला शेरा देतं. मुदत 90 दिवसांची, पण ती अर्ज टाकल्यापासून नाही, त्यानंतरच्या पहिल्या रेग्युलर मीटिंगपासून मोजतात (मीटिंग 30 दिवसांच्या पुढे असेल तर तिसाव्या दिवसापासून). मुदतीत निर्णय कळवलाच नाही तर प्लॅन मंजूर धरला जातो, म्हणूनच टाउनशिपवाले मुदतवाढीच्या पत्रावर सही मागतात, मागितली तर दचकू नका. खरं घोडं अडतं ते बाहेरच्या परवानग्यांवर:

- सांडपाणी: सेप्टिकसाठी मातीची टेस्ट आणि राज्याची मंजुरी
- स्टेट रोडवर ड्राइव्हवे असेल तर पेनडॉटचं (राज्याच्या वाहतूक खात्याचं) परमिट
- एक एकर किंवा जास्त जमीन उकरणार असाल तर पावसाच्या पाण्याचं परमिट

मंजुरीनंतर 90 दिवसांत प्लॅन काउंटीत रेकॉर्ड करा. फक्त एक गोष्ट, काही छोट्या टाउनशिपना स्वतःचा सबडिव्हिजन (जमीन विभागणीचा) ऑर्डिनन्सच नसतो, तिथे काउंटीचा लागू होतो, त्यामुळे आधी टाउनशिप सेक्रेटरीला फोन करून तेवढं विचारून घ्या.